दीड वर्ष, ६२ व्हिडिओ, तरीही प्रेक्षक वाढत नाही : शिकवण्याच्या चॅनेलचे नेमके काय चुकते?

बीजगणितवर्ग यांचा प्रश्न

नमस्कार. मी गेली अनेक वर्षे माध्यमिक आणि त्यापुढच्या स्तराचे बीजगणित शिकवते. दीड वर्षापूर्वी यूट्यूबवर चॅनेल सुरू केले, तेव्हा हेतू एवढाच होता की ज्यांना वर्गात एकदा सांगून समजत नाही, त्यांना तोच भाग निवांतपणे पुन्हा पाहता यावा. पुढे असे वाटू लागले की माझ्या वर्गाबाहेरही अशी मुले असणारच, आणि त्यांच्यापर्यंत हे शिकवणे पोहोचले पाहिजे. ती इच्छा आजही तितकीच तीव्र आहे, पण ती पुरी होण्याची चिन्हे दिसत नाहीत.

आजपर्यंत ६२ व्हिडिओ झाले आहेत. वर्गात मागच्या बाजूला कॅमेरा लावून पूर्ण तास चित्रित करायचा आणि तो जसाच्या तसा चढवायचा, अशी माझी पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओ ३५ ते ४० मिनिटांचा असतो. अभ्यासक्रमाचा क्रम सुटू नये म्हणून शीर्षके ‘प्रकरण ४, भाग २’ अशी दिली आहेत. सबस्क्रायबर ३४० आहेत आणि त्यांतील बहुतेक माझे आजी-माजी विद्यार्थीच आहेत. नवा व्हिडिओ तीस-चाळीस वेळा पाहिला जातो आणि तेथेच थांबतो. प्रतिक्रिया तर एकही येत नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते, कारण विद्यार्थ्याने शंका विचारली नाही तर पुढचा धडा कोठून सुरू करावा हेच कळत नाही.

आठवड्याला एकाऐवजी तीन व्हिडिओ टाकावेत का? शॉर्ट्स करावेत का? एका परिचितांनी ‘तुम्ही माझे चॅनेल सबस्क्राइब करा, मी तुमचे करतो’ अशा गटांत सामील होण्याचा सल्ला दिला, पण तो मला पटला नाही. शिकवण्याचे गांभीर्य कमी न करता प्रेक्षक वाढवता येतो का, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

रसायनतास यांचा प्रतिसाद

आपला प्रश्न वाचून मला माझी पहिली दोन वर्षे आठवली. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझे चॅनेल सात वर्षांचे आहे. व्हिडिओंची संख्या वाढवण्याचा प्रयोग मीही करून पाहिला होता. त्यातून माझा थकवा वाढला, प्रेक्षक वाढला नाही. म्हणून नवे काही चित्रित करण्याआधी, आहेत त्या ६२ व्हिडिओंचे आकडे नीट वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

यूट्यूब स्टुडिओच्या विश्लेषण विभागात प्रेक्षक कोणत्या वाटेने आले ते दिसते : शोधातून, दुसऱ्या व्हिडिओशेजारच्या शिफारशीतून, मुखपृष्ठावरून, की बाहेरच्या दुव्यावरून. आपल्याकडचे बहुतेक प्रेक्षक आपणच विद्यार्थ्यांच्या गटात पाठवलेल्या दुव्यांवरून येत असावेत, असा माझा कयास आहे. शोधातून येणारे अगदीच थोडे असतील, तर त्याचे कारण बरेचसे शीर्षकांत आहे. ‘प्रकरण ४, भाग २’ हे शीर्षक ज्याच्या हातात तेच पुस्तक आहे आणि जो तुम्हाला आधीपासून ओळखतो, त्याच्याच उपयोगाचे आहे. गृहपाठ करताना अडलेला अनोळखी विद्यार्थी प्रकरणाचा क्रमांक शोधत नाही. तो ‘ऋण गुणिले ऋण धन का होते’ किंवा ‘अवयव पडत नसतील तर वर्गसमीकरण कसे सोडवायचे’ असे काहीतरी लिहितो. अभ्यासक्रम हा शिक्षकाचा क्रम आहे आणि अडचण हा विद्यार्थ्याचा क्रम आहे. चॅनेलच्या दारावर दुसरा क्रम लावावा आणि आत आल्यावर पहिला दाखवावा, हे समजायला मला फार वेळ लागला.

हे प्रश्न शोधायला दूर जावे लागत नाही. यूट्यूबच्या शोधपट्टीत विषयाचे दोन शब्द लिहून थांबलात, तर लोक पुढे काय लिहितात याच्या सूचना खाली येतात. त्याहून मोलाचे साधन तुमच्यापाशी आधीच आहे, ते म्हणजे वर्ग. मुलांनी ज्या शब्दांत शंका विचारली, त्याच शब्दांत ती वहीत टिपून ठेवा. आपल्या शुद्ध परिभाषेत तिचे रूपांतर करू नका. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, परंतु मोबाइलवर त्यातली सुरुवातच दिसते, म्हणून प्रश्न आधी आणि प्रकरणाचा क्रमांक शेवटी यावा. टॅगवर, म्हणजे व्हिडिओला जोडायच्या शोधशब्दांवर, वेळ घालवू नका. शब्द चुकीच्या पद्धतीने लिहून शोधले जाण्याची शक्यता असेल तेवढ्यापुरताच त्यांचा उपयोग आहे, असे यूट्यूबनेच आपल्या मदतपानावर सांगितले आहे.

दुसरा आकडा म्हणजे थंबनेल (यादीत दिसणारे व्हिडिओचे छोटे चित्र) समोर आल्यावर किती जणांनी त्यावर क्लिक केले त्याचे प्रमाण. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचे आणि व्हिडिओंचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते, त्यामुळे ४ टक्के पाहून खचून जाण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. व्हिडिओ जसजसा अनोळखी लोकांपुढे जाऊ लागतो तसतसे हे प्रमाण उतरते, आणि ते चांगलेच लक्षण असू शकते.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत शिकवून जाणारा भाग म्हणजे प्रेक्षक कोणत्या क्षणी निघून गेले ते दाखवणारा आलेख. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी केवळ पाहणीच्या संख्येऐवजी प्रत्यक्ष किती वेळ पाहिले याला महत्त्व द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून हा आलेख शिक्षकाचा आरसा झाला आहे. पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जण उरले हे तेथे वेगळे सांगितलेले असते. हजेरी, मागच्या तासाची उजळणी, ‘आवाज येतोय ना’ हे सगळे वर्गात आवश्यक असते, पण व्हिडिओवर आलेल्या माणसाला आपण योग्य ठिकाणी आलो की नाही हे पंधरा-वीस सेकंदांत कळले नाही तर तो परत जातो. जुन्या व्हिडिओंमधला हा भाग स्टुडिओतील संपादकातून कापता येतो. पत्ता तोच राहतो आणि आधीची पाहणीही जात नाही. तेवढे काम या आठवड्यातच करून टाका.

सबस्क्रिप्शनच्या देवाणघेवाणीपासून आपण दूर राहिलात हे फार चांगले झाले. ती यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्यांना बीजगणितात रस नाही असे शेकडो लोक यादीत आले की नवा व्हिडिओ त्यांच्यासमोर जातो, ते तो उघडत नाहीत, आणि हा विषय कोणाला हवा आहे याचा यंत्रणेचा अंदाज आणखी बिघडतो.

मजकूरसंपादक यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, म्हणून त्यावर पुन्हा लिहीत नाही. मला आपल्या प्रश्नातील एकच वाक्य खटकले. दीड वर्षात, ३४० ओळखीचे सबस्क्रायबर असताना, एकही प्रतिक्रिया येत नाही, हे स्वाभाविक वाटत नाही. व्हिडिओखाली प्रतिक्रियेची चौकट दिसते तरी का, हे दुसऱ्या एखाद्या खात्यातून पाहाल का, ताई?

चॅनेल सुरू करताना ‘हे मुलांसाठी बनवलेले आहे’ असा पर्याय तुम्ही निवडला असण्याची मला शंका आहे. शिक्षक तो सद्भावनेने निवडतात, कारण विद्यार्थी म्हणजे मुलेच. परंतु त्या पर्यायाचा अर्थ वेगळा आहे. अमेरिकेतील मुलांच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे जानेवारी २०२० पासून तो सर्वांना लागू झाला, आणि तेथे लहान मूल म्हणजे १३ वर्षांखालील मूल असे धरले जाते. हा पर्याय लावला की प्रतिक्रिया बंद होतात, सूचनेची घंटा बंद होते, व्हिडिओच्या अखेरीस पुढचा व्हिडिओ सुचवणारा पडदा लावता येत नाही, आणि प्रेक्षकाला व्हिडिओ आपल्या प्लेलिस्टमध्ये ठेवताही येत नाही. प्रेक्षकाने परत यावे यासाठी जी जी साधने आहेत, त्यांपैकी बहुतेक एका खुणेने जातात. तुमचा विषय खरोखरच लहान मुलांसाठी असेल तर मात्र ती खूण काढू नये. तेथे प्रामाणिक राहणे बंधनकारक आहे.

बीजगणितवर्ग

आपला अंदाज अचूक निघाला. चॅनेल उघडताना मी तोच पर्याय निवडला होता आणि नंतर कधी तिकडे पाहिलेच नाही. माझे विद्यार्थी १४ वर्षांचे आणि त्याहून मोठे आहेत, आणि शिकवणेही त्याच वयाला धरून आहे, म्हणून पर्याय बदलला आहे. विद्यार्थ्यांना आपले मत मांडावेसे वाटत नाही असे मी दीड वर्ष समजत होते, आणि त्यांना बोलण्याची वाटच मी बंद करून ठेवली होती, हे कळल्यावर मन खट्टू झाले.

आता पूर्ण तासाच्या चित्रणाबद्दल विचारते. वर्गातल्या चित्रणात मुलांच्या खऱ्या शंका येतात, जिवंतपणा येतो, असे मला वाटत आले आहे. ते सोडून एकटीने कॅमेऱ्यासमोर बोलणे योग्य ठरेल का?

अध्ययनवेध यांचा प्रतिसाद

मी दृक्‌श्राव्य माध्यमातून होणाऱ्या अध्ययनाचा अभ्यास करते, म्हणून या शेवटच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते.

फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील ८६२ व्हिडिओ आणि ते पाहिले गेल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी सामान्यतः त्यातली जास्तीत जास्त सहा मिनिटेच पाहतात, असे त्यांना आढळले. आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला निष्कर्ष असा की, वर्गातील व्याख्यान उत्तम दर्जाने चित्रित केले आणि नंतर त्याचे लहान तुकडे केले, तरी ते मुळापासून व्हिडिओसाठी तयार केलेल्या पाठाइतके धरून ठेवत नाही. हाताने लिहीत, रेघा ओढत समजावलेले पाठ नुसत्या स्लाइडपेक्षा अधिक पाहिले गेले, आणि जे शिक्षक उत्साहाने व थोड्या जलद गतीने बोलत होते त्यांचे पाठही अधिक पाहिले गेले. गणित शिकवणाऱ्याला यात आशा वाटावी असे बरेच आहे, कारण आपले काम मुळातच हाताने लिहीत पुढे जाण्याचे आहे.

वर्गातील जिवंतपणाबद्दल मी आपल्याशी सहमत आहे, पण तो वर्गात बसलेल्यांना जाणवतो. मागच्या बाकावरून घेतलेल्या चित्रणात प्रेक्षकाला पाठमोरी मुले दिसतात आणि त्यांच्या शंका ऐकू येत नाहीत. अमेरिकेतील सलमान खान (अभिनेते नव्हेत) यांनी २००४ मध्ये आपल्या नादिया या नात्यातील बहिणीला दूरवरून गणित शिकवायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये ते पाठ यूट्यूबवर ठेवले, त्यातून पुढे खान अकादमी ही मोफत ऑनलाइन शिक्षणसंस्था उभी राहिली. त्या पाठांत शिक्षकाचा चेहराही दिसत नव्हता. काळ्या पडद्यावर उमटणारे अक्षर आणि शेजारी बसून समजावणारा आवाज एवढेच होते. ते एका व्यक्तीशी बोलणे होते, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला ती व्यक्ती आपणच आहोत असे वाटू शकत होते. कॅमेऱ्यासमोर एकटीने बोलण्याचा संकोच वाटत असेल तर फक्त कागद आणि हात चित्रित करा.

येथे मला आधीच्या प्रतिसादात एक भर घालाविशी वाटते. प्रेक्षक टिकला म्हणजे तो शिकला, असे होत नाही. डेरेक मुलर यांनी २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात पूर्ण केलेल्या पीएच.डी. संशोधनात भौतिकशास्त्राचे व्हिडिओ दोन पद्धतींनी दाखवून पाहिले होते. ज्यांत संकल्पना सरळ, स्वच्छ शब्दांत मांडली होती, ते विद्यार्थ्यांना सोपे आणि स्पष्ट वाटले, पण चाचणीतील गुण फारसे वाढले नाहीत. पाहताना ‘हे तर मला ठाऊकच आहे’ असे वाटून आधीचाच चुकीचा समज पक्का झाला. ज्यांत तो चुकीचा समज आधी उच्चारला होता आणि मग संवादातून दूर केला होता, ते पाहताना गोंधळ होतो अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली, परंतु शिकणे त्यांतूनच अधिक झाले. त्याच मुलर यांनी २०११ मध्ये व्हेरिटासियम हे विज्ञानविषयक यूट्यूब चॅनेल सुरू केले आणि ते अतिशय लोकप्रिय झाले. विचार करायला लावणारे शिकवणे आणि मोठा प्रेक्षक यांत वैर नाही, याचे मला हे उत्तम उदाहरण वाटते.

बीजगणितात अशा गैरसमजांची वाण नाही. बेरजेचा वर्ग करताना (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. त्याला सूत्र सांगून व्हिडिओ सुरू करण्याऐवजी, त्याचेच उत्तर फळ्यावर लिहा आणि ३ व ४ या संख्या घालून पाहायला सांगा. एकीकडे ७ चा वर्ग ४९ येतो, दुसरीकडे ९ आणि १६ मिळून २५ येतात. मधले २४ कोठे गेले, हा प्रश्न मनात उभा राहिला की विद्यार्थी उत्तर मिळेपर्यंत थांबतो, आणि पहिली ३० सेकंदे टिकवण्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही.

ध्वनिजुळणी यांचा प्रतिसाद

चित्र थोडे अंधुक असले तरी लोक पाहतात, आवाज घुमत असेल तर पाहत नाहीत. खोलीच्या मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याचा माइक तुमच्या आवाजाआधी पंख्याचा आणि बाकांचा आवाज टिपतो. कॉलरला लावायचा साधा माइक वापरा, तो हनुवटीपासून वीतभर खाली ठेवा आणि पडदे, पुस्तके, गाद्या असलेल्या खोलीत ध्वनिमुद्रण करा. पार्श्वसंगीत मुळीच नको. शिकणाऱ्याला आकडेमोड करताना ते अडथळा होते.

बीजगणितवर्ग

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन दिवस सर्व आलेख पाहिले. रसायनतास यांनी म्हटल्याप्रमाणे, बहुतेक व्हिडिओंमध्ये पहिल्या दोन मिनिटांतच निम्म्याहून अधिक प्रेक्षक निघून गेले आहेत. मात्र वर्गसमीकरणांवरील एका व्हिडिओत आलेख १९व्या मिनिटापाशी अचानक वर चढतो. तेथे काय आहे हे पाहिले, तर पूर्ण वर्ग पद्धत मी सूत्राऐवजी चित्राने दाखवली होती. नवव्या शतकातील गणिती अल्‌-ख्वारिझ्मी यांचे प्रसिद्ध उदाहरण घेतले होते : क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा चौरस काढायचा, त्याच्या दोन बाजूंना ५ रुंदीचे आयत जोडायचे, कोपऱ्यात रिकामा राहिलेला २५ चा चौरस भरायचा, आणि ६४ क्षेत्रफळाचा पूर्ण चौरस मिळाला की बाजू ८, म्हणून क्ष म्हणजे ३. एवढ्या चार मिनिटांसाठी लोक बाकीचा तास ओलांडून तेथे येत आहेत आणि तो भाग पुन्हा पुन्हा पाहत आहेत.

तोच भाग स्वतंत्र व्हिडिओ म्हणून नव्याने करायचे ठरवले आहे. त्याआधी अध्ययनवेध यांनी सुचवलेला हरवलेल्या २४ चा व्हिडिओ येईल, कारण तेथेही चौरसाचे तेच चित्र कामाला येते. शॉर्ट्सचे काय करावे आणि जुन्या ६२ व्हिडिओंचे काय करावे, हे दोन प्रश्न उरतात.

रसायनतास

१९व्या मिनिटाचा तो चढ म्हणजे तुमच्या प्रेक्षकांनी पाठवलेली पहिली प्रतिक्रियाच आहे असे समजा. सगळ्याच व्हिडिओंमध्ये असे चढ शोधा. दहा-बारा सापडले तर पुढच्या चार महिन्यांचे काम ठरले.

जुने व्हिडिओ काढून टाकू नका. तुमचे विद्यार्थी ते वापरतात आणि पूर्ण तास पाहणाऱ्यांची गरजही खरी आहे. त्यांची वेगळी प्लेलिस्ट करा आणि वर्णनात वेळेच्या खुणा द्या. पहिली खूण ०:०० ची असावी, खुणा किमान तीन असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा असावा, म्हणजे व्हिडिओचे आपोआप भाग पडतात. नव्या व्हिडिओंची मांडणी मात्र साखळीसारखी करा. हरवलेल्या २४ च्या व्हिडिओच्या अखेरीस पूर्ण वर्गाचा व्हिडिओ सुचवा. त्यासाठीचा पडदा शेवटच्या ५ ते २० सेकंदांत लावता येतो. तेवढा वेळ बोलत राहा आणि पुढच्या व्हिडिओत कोणता प्रश्न सुटणार आहे ते एका वाक्यात सांगा. ‘धन्यवाद, पुन्हा भेटू’ म्हटले की प्रेक्षक तेथेच उठतो.

शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटांपर्यंत करता येतात, पण माझ्या अनुभवात त्यांचा प्रेक्षक वेगळा असतो आणि तो लांब पाठाकडे क्वचितच वळतो. करायचेच असतील तर ३ आणि ४ चे ते कोडे तेवढे ठेवा, उत्तर मोठ्या व्हिडिओत द्या, आणि संबंधित व्हिडिओचा दुवा जोडायला विसरू नका.

उत्पन्नाचा विषय आपण काढला नाहीत, तरी कोणीतरी काढेलच. जाहिरातींतील वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांची पाहणी लागते. प्रत्येक पाहणी सरासरी चार मिनिटांची धरली, तर ती ६०,००० पाहण्या होतात. सध्या हा आकडा डोळ्यांसमोर ठेवू नका. २८ दिवसांनी दोनच गोष्टी पाहा : शोधातून येणाऱ्यांचे प्रमाण वाढले का, आणि पहिल्या व्हिडिओवरून दुसऱ्यावर किती जण गेले. प्रतिक्रिया आता सुरू झाल्या आहेत, तेव्हा प्रत्येक व्हिडिओखाली स्वतःचा एक प्रश्न वर टाचून ठेवा आणि आलेल्या प्रत्येक उत्तराला, विशेषतः चुकलेल्या उत्तराला, वेळ काढून लिहा. माझ्या चॅनेलवरील पुढच्या व्हिडिओंचे विषय बहुतेक वेळा अशा चुकलेल्या उत्तरांतूनच मिळाले आहेत.